मोटेवर बसवलेलं पद

१५ नोव्हेंबर १९५३, रविवार. यावल

मी नट होणार, हे आज घरात जाहीर केलं. जाहीर केलं म्हणजे आई भाकरी वाढत होती तेव्हा एका दमात बोलून टाकलं आणि तांब्या तोंडाला लावला. लगेच उत्तर द्यायला नको, म्हणून.

अभिमन टेलरच्या दुकानात वर्तमानपत्र येतं. त्यात होतं की विजयविलास संगीत मंडळीचा मुक्काम जानेवारीत धुळ्याला आहे, त्यांना गाणारे तरुण नट हवेत, ज्याला यायचं त्यानं एक पद तयार करून परीक्षेला यावं. म्हणजे मलाच बोलावलंय. मॅट्रिक होऊन मी केळीला पाणी भरत बसलोय, आणि गळा तर असा की यावलातलं शेंबडं पोरही सांगेल. गणपतीत माझी आरती ऐकून मामलेदारांच्या बायकोनं विचारलं होतं, हा आवाज कुणाचा? पुढे ती काय म्हणाली ते मला कुणी सांगितलं नाही.

आबांनी भाकरी संपवली, ताटात हात धुतला. मग बोलले, "परीक्षा देय. घेतलं तं जाय. नही घेतलं, तं मंग नाटकाचं नाव काढायचं नही. केयीत उभं ऱ्हायचं, गुमान."

"आनि घेतलं तं केयीत कोन उभं ऱ्हाईन?" आई म्हणाली. "एकुलता एक पोरगा हाये."

आबा उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. बैलांना पाणी मी मघाशीच पाजलं होतं.

१८ नोव्हेंबर

पद मिळालं. अभिमन टेलर ऐन तरुणपणी एका कंपनीबरोबर एक मोसमभर कपडे शिवायला हिंडला होता. पडद्यामागं मशीनवर बसून त्यानं सगळी पदं ऐकली. त्यामुळे त्याला चाली तोंडपाठ आहेत, पण गाणारा त्या वेळी उभा असतो की बसलेला हे त्याला ठाऊक नाही. त्याच्याकडे पेटी आहे. तिचे दोन सूर गेलेत, ते आले की तो तोंडानं म्हणतो.

सेनापती लढाईला निघालाय आणि घरच्यांचा निरोप घेतोय, असं पद आहे.

चाललो समरांगणी
दे निरोप हासुनी

वाचतानाच छाती फुगते. अभिमन म्हणाला, "शालिग्राम, गळ्याचं मी पाहतो, तू लय सांभाळ." मी म्हटलं, लय काय, ती आपोआप येते.

२२ नोव्हेंबर, रविवार

घरी तालीम जमणार नाही. काल ओसरीवर तान घेतली तर शेजारचे गिरधरनाना धावत आले आणि आईला विचारू लागले, कुणाला काही चावलं का. हे लोक कलेचे वैरी.

आज मळ्यात जागा सापडली. मी केळीच्या आळ्यांत पाणी फिरवत होतो, आमचा सालदार निंबा मोट हाकत होता. बैल उतारावरून खाली जातात, तशी मोट भरून वर येते आणि थारोळ्यात पाणी ओतते. मग बैल मागे मागे पाय टाकत वर येतात, नाडा, म्हणजे मोटेचा दोर, सैल होतो आणि मोट पुन्हा विहिरीत उतरते. मी सहज गुणगुणलो आणि थक्कच झालो. बैल खाली जाताना 'चाललो समरांगणी', मागे येताना 'दे निरोप हासुनी'. बरोब्बर! बोट ठेवायला जागा नाही. तबलजी कशाला हवा? ढवळ्या-पवळ्यांनीच ठेका धरला. आता रोज सकाळी मोटेवर तालीम.

२५ नोव्हेंबर

आबांनी निंबाला केळीची वाळकी पानं कापायला पिटाळलं आणि स्वतः मोटेवर बसले. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं मोटेला शिवले नव्हते. मी तालीम करतोय हे कळल्यामुळे लक्ष ठेवायला आले असणार. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं.

पाच-सहा मोटा झाल्यावर आबा म्हणाले, "रोज तेच तेच. निरोप दे, निरोप दे. तुले कोनी अडवलं हाये का?"

मी पद पुन्हा पहिल्यापासून घेतलं. कलावंतानं अशा बोलण्याकडे लक्ष देऊ नये, असं अभिमन सांगतो.

३० नोव्हेंबर

गिरधरनानांनी नवं ऑइल इंजिन आणलं. शेताच्या बांधालाच लागून त्यांची विहीर. काय पाणी फेकतं! बटण नाही, दोर नाही, चाक फिरवलं की फटफट सुरू. मी आबांना म्हटलं, आपणही घेऊ, मोटेचा जाच संपेल. आबा ताडकन म्हणाले, "नही घ्यायचं."

एवढ्यावर थांबले नाहीत. बांधावर जाऊन नानांशी कचाकचा भांडले. "तुह्या ह्या भोंग्यानं माहे बैल बुजतात. सकाळची मोट होईस्तोवर ते बंद ठेव, दुपारून चालव."

नाना म्हणाले, "चुडामण, तुहे बैल तं रवंथ करू ऱ्हायले. बुजले कुठी?"

पण आबा ऐकायला तयार नाहीत. शेवटी नानांनी हात जोडले आणि सकाळचं इंजिन बंद केलं. मला लाज वाटली. देश कुठे चालला आणि आबा कुठे बसलेत! तेवढं एक बरं झालं, की तालमीच्या वेळी फटफट नाही.

६ डिसेंबर, रविवार

पद पेटीवर म्हटलं. अभिमन म्हणाला, "पहिली ओळ झकास. पण दुसऱ्या ओळीत तू जातो कुठं रे? मी इथं सुरावर बोट ठेवून वाट पाहत बसतो. काल तर तुझ्या 'हासुनी'पर्यंत माझं एक काज शिवून झालं असतं."

मी त्याला समजावलं की ह्याला ठहराव म्हणतात. निरोप असा घाईघाईनं मागायचा नसतो. तो म्हणाला, "असेल बाबा. मी पडद्यामागचा माणूस."

बिचाऱ्याला थोडा मत्सर वाटतो. साहजिक आहे.

९ डिसेंबर

घरात तिळाच्या तेलाचा डबा वारंवार रिकामा होतो, म्हणून आईनं आज निंबाच्या बायकोला, सुगंधाबाईला, टोचून विचारलं. ती बिचारी शपथा घेऊ लागली. शेवटी आबाच म्हणाले, "मी नेलं. मोटेच्या चाकाले लावाले."

"रोज?"

"रोज कुरकुरतं तं रोज लावाव लागीन ना."

आई म्हणाली, "चाक कुरकुरू ऱ्हायलं त्याले पंधरा वर्सं झाली, तुमाले आज ऐकू आलं?"

मला हसू आलं. माणूस म्हातारा झाला की त्याला असं कशाचं तरी खूळ लागतं.

१३ डिसेंबर, रविवार

घसा बसला. अभिमननं तोंडात ज्येष्ठमधाची काडी दिली आणि फर्मान काढलं: परीक्षेपर्यंत केळं बंद. यावलात राहून केळं बंद! म्हणजे पंढरीत राहून माळ तोडल्यासारखं. माजघरात घड लटकलेला असतो, येता-जाता हात जातोच. आज दोन खाल्ली आणि 'समरांगणी'तला 'स' गिळला गेला.

मी हे आईला सांगत होतो, ते आबांनी ऐकलं. संध्याकाळी पाहतो तर घड गायब. आबांनी तो जामनेरला, माझ्या बहिणीच्या, झुंबरताईच्या सासरी, पाठवून दिला म्हणे. एवढा पिकलेला घड! घरच्या पोरानं खाल्लेलंही ह्यांना बघवत नाही. मी रागानं जेवलो नाही. मग आईनं वरण-बट्टी केली होती हे कळलं, तेव्हा जेवलो.

१९ डिसेंबर

आज एक फजिती. आबा गाडी जुंपून बाजाराला निघाले होते, एक पाय गाडीत, एक जमिनीवर. मी आपला ओसरीवर पद म्हणत होतो. 'चाललो' म्हटलं मात्र, बैल जे सुटले ते थेट वेशीपर्यंत. आबा एका पायावर उड्या मारत गाडीमागं, आणि सगळी आळी बाहेर. मी घरात कडी लावून बसलो.

आबा परत आले तेव्हा वाटलं, आता काही खरं नाही. पण ते आईला एवढंच म्हणाले, "जनावराले बी पाठ झालं ते."

मला तो टोमणा लागला. जनावराला पाठ होईल इतकं हे पद सोपं आहे, असं म्हणायचं असणार.

२४ डिसेंबर

आज मन लागत नाही. इथं खरं लिहायला हरकत नाही, म्हणून लिहितो. मला भीती वाटते. धुळ्याला पुण्याकडचे, नाशिककडचे शिकलेले गवय्ये येतील. माझ्या पाठीशी काय आहे? बिघडलेली पेटी आणि दोन बैल. नाही घेतलं तर आयुष्यभर तोंड मिटून आळ्यांत पाणी फिरवायचं. केळीवर माझा राग नाही. पण गाणं आतून येतं तेव्हा मी कुणीतरी वेगळा असतो, आणि तो मला जास्त आवडतो.

आबांना मी नापास झालेला हवाच आहे. का नसावं? एवढा मळा, गुडघे असे. मी त्यांच्या जागी असतो तर देवाला नवस बोललो असतो.

२८ डिसेंबर

आई आणि आबांची आज जुंपली. केळीच्या शेवटच्या ओळींना पाणीच पोचत नाही, पानं पिवळी पडलीत. आई म्हणाली, "निंबा हाकायचा तं दुपारपावतर बठ्ठा मळा भिजायचा. तुमी बसले का अर्धा कोरडा. मोट हाकता का झोपता?"

आबा म्हणाले, "बैल थकले."

मी आबांची बाजू घेतली. खरंच, खाली जाताना ठीक असतात, पण मागे येताना असे काही पाय टाकतात, जसे लग्नातले वऱ्हाडी. बैल म्हातारे झालेत. माझ्या पदाला मात्र ती चाल झकास मानवते.

६ जानेवारी १९५४

अभिमननं कोट शिवला. बाह्या लांब झाल्या. म्हणाला, सेनापती आहेस, हात पुढे करशील तेव्हा बरोबर होतील.

९ जानेवारी, शनिवार

निघालो. सोबत अभिमन आणि त्याची पेटी. आई वेशीपर्यंत आली. आबा आले नाहीत. मळ्यावरून जाताना पाहिलं तर मोट चालू होती. मी ओरडून म्हटलं, "आबा, चाललो!" बैल तेवढे दचकले. आबांनी नुसता हात वर केला.

१० जानेवारी, रविवार. धुळे

आज सगळं लिहून काढतो.

कंपनीच्या बिऱ्हाडासमोर सकाळपासून गर्दी. जो तो गळा खाकरतोय. समोर चहावाला होता, तो गळे खाकरणाऱ्यांकडे बघत आम्हाला अहिराणीत म्हणाला, "आठे बठ्ठा गानाराच येल शेतस भाऊ, ऐकनारा कोनीच नई. चहा तरी ल्या." अभिमननं दोन कप घेतले, मी एकही नाही.

आत गेलो. कंपनीचे मालक त्र्यंबकबुवा ऑर्गनपाशी बसले होते, जाड भिंगांचा चष्मा, मफलर. शेजारी तबलजी. मी कोटाच्या बाह्या सावरून सुरुवात केली. 'चाललो समरांगणी' असं काही लागलं की बुवांनी मान वर केली. पुढे 'दे निरोप' सुरू झालं आणि तबलजी माझ्याकडे बघायला लागला. समेवर आला, थाप दिली, मी अजून 'निरो'तच. त्यानं आणखी एक फेरा केला, पुन्हा थाप दिली, तेव्हा मी 'हा'वर आलो होतो. मागे बसलेले हसू लागले. पहिली ओळ पुन्हा घेतली की मी बरोबर तालात, दुसरी आली की मी हरवलो. तिसऱ्या वेळी तबलजीनं हात गुडघ्यावर ठेवून दिले आणि छताकडे पाहत बसला.

बुवांनी ऑर्गन थांबवला. "ताल कुणाजवळ शिकलात?"

खोटं बोलायचं सुचलं नाही. "बैलांजवळ," मी म्हणालो.

खोलीत हशा पिकला. बुवा मात्र हसले नाहीत. "मोटेवर?"

"हो."

"माझं लहानपण मोटेवर गेलं," बुवा म्हणाले. "बैल मागे येताना काही इतका वेळ लावत नाहीत. उलट मोट हलकी होते, झटकन येतात. तुमच्याकडे कुणीतरी नाडा धरून ठेवत असणार. हाकतं कोण?"

"आबा. माझे वडील."

"त्यांना गाण्याचा नाद आहे का?"

"छे हो! रोज टोमणे मारतात."

बुवांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तबला राहू द्या. तुम्ही म्हणता तसं म्हणा, शेवटपर्यंत." मी डोळे मिटून म्हटलं. कुणी हसलं नाही.

संध्याकाळी बोलावणं आलं. "गळा आहे, लय नाही," बुवा म्हणाले. "लय शिकवता येते. नायकाचं नाव आत्ता काढायचं नाही. शिपायांत उभं राहायचं, पहाटे माझ्याजवळ ताल शिकायचा. कबूल असेल तर संक्रांत करून या."

कबूल! शिपाई तर शिपाई! अभिमननं मला बाहेर येताच उचललं, कोटाची शिवण उसवली.

१२ जानेवारी. यावल

घरी आलो. आईला सांगितलं, तिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासली. ती भांडी घासलेलीच होती. आबा झुंबरताईला संक्रांतीला आणायला जामनेरला गेलेत.

१३ जानेवारी

सकाळी मळ्यात गेलो. मोटेवर निंबा होता. म्हटलं, शेवटचं एकदा मोटेवर पद म्हणून घेऊ. 'चाललो समरांगणी' म्हटलं, बैल खाली गेले, मोट रिकामी झाली, मी 'दे निरो' एवढंच म्हणतोय तोवर बैल वर येऊन उभे! आणि चाक कसं ओरडलं, कर्रर्र! माझा आवाज मलाच ऐकू येईना.

"निंबा, हळू की जरा!"

"भाऊ, बैल असेच चालतात," निंबा म्हणाला. "आबा बसले म्हंजी नाडा धरून ऱ्हातात. इतला जोर लावतात का तळहाताले फोड आले त्यांच्या. हळू सोडलं का चाक वाजत नही."

"पण कशासाठी?"

निंबानं बैल थांबवले. "आता ते मी काय सांगू? तुमी गाता, ते ऐकतात. बठ्ठ्या शिवाराले ठावं हाये. गिरधरनानाले सुदिक."

मी बांधावर बसलो. चाकाला लावलेलं तेल आठवलं. जामनेरला गेलेला घड, नानांचं बंद इंजिन, पिवळी पडलेली केळ. मी ह्या वहीत काय काय लिहून ठेवलंय! आपणच आपल्या थोबाडीत मारावी असं वाटलं. आणि ज्या पदावर हा माणूस हाताला फोड येईपर्यंत नाडा धरून बसला, त्या पदात मी त्याला रोज सकाळी काय म्हणत होतो? की मला जाऊ द्या, आणि हसून जाऊ द्या.

मी रडलो. खूप रडलो. तोवर पाटाचं पाणी फुटून नानांच्या कपाशीत गेलं.

१४ जानेवारी, संक्रांत

आबा ताईला घेऊन आले. तिळगूळ हातात घेऊन मी पाया पडलो. 

"घेतलं का?" आबांनी विचारलं.

"आबा, तुम्ही नाडा धरून ठेवत होतात."

आबा ताईकडे, मग आईकडे पाहू लागले, जशी चोरी पकडली गेली. "चाक कुरकुरतं," ते म्हणाले. "तुहं शेवटचं काही ऐकू येत नही मंग."

"त्यानं माझी लय बिघडली. धुळ्याला सगळे हसले."

मी हे गमतीनं म्हटलं. पण आबांचा चेहरा एकदम उतरला. तिळगूळ तसाच हातात. "माह्यानं नापास झाला का तू? मी येतो. मी सांगतो त्यायले, पोराची चूक नही, माही हाये. उद्याच जाऊ आपुन."

मी लिहिलं होतं की ह्या माणसाला मी नापास झालेला हवाच आहे. "नाही हो आबा, घेतलं मला. घेतलं!"

आबा खाली बसले. तिळगूळ तोंडात टाकला. बराच वेळ चघळून झाल्यावर विचारलं, "धुळ्याले जायाले चाळीसगावले गाडी बदलाव लागते ना? मंग सामान कमी घेजो."

१७ जानेवारी, रविवार

निघालो. ह्या वेळी आबा वेशीपर्यंत आले.  मोटार सुटताना त्यांनी खिडकीतून ज्येष्ठमधाची पुडी दिली आणि ड्रायव्हरला दम भरला की खड्डे पाहून चालव.

२१ फेब्रुवारी. धुळे

महिनाभर लिहायला फुरसत मिळाली नाही. पहाटे उठून हातावर ताल मोजतो. बुवा म्हणतात, तुमच्यात अजून बैल आहे. तबलजी मला पाहिला की छताकडे बघतो. पण चुका कमी होतात. आठवडाभरापूर्वी बुवांनी मला एक ओळ दिली, एकट्यानं म्हणायची. महाराज दरबारात येण्याआधी भालदार ललकारी देतो:

सावध व्हा, महाराज येती हो!

एवढीच. ती म्हटली की मी भिंतीला टेकून नाटक संपेपर्यंत उभा. ओळ बरोबर लयीत म्हटली तर कुणाच्या लक्षातही येत नाही, चुकली तर सगळ्यांच्या येते.

२८ मार्च, रविवार. जळगाव

मंडळीचा मुक्काम आता जळगावला. आज दुपारचा खेळ. आई, आबा आणि अभिमन टेलर आले होते. खेळाआधी मी बाहेर येऊन भेटलो. आबांनी नवं धोतर नेसलं होतं, आणि ह्या जन्मात पहिल्यांदा नाटकाला आले म्हणून अंघोळ दोनदा केली होती, असं आई म्हणाली.

"मळा कसाय?" मी विचारलं.

"इंजिन बसवलं," आई म्हणाली. "तू गेला, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. मले म्हने, आता मोटेवर बसून ऐकायचं काय?"

आबा तंबूच्या कनातीकडे पाहत होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

खेळ सुरू झाला. पुढचं मला अर्धं दिसलं, अर्धं अभिमननं नंतर सांगितलं. पहिल्या अंकात नायकाच्या पदाला टाळ्या पडल्या आणि लोक ओरडू लागले, "वन्स मोअर! वन्स मोअर!" नायकानं पद पुन्हा म्हटलं. आबांनी अभिमनला विचारलं, "ह्ये काय म्हनू ऱ्हायले?" अभिमननं सांगितलं, गाणं आवडलं की असं ओरडायचं, मग त्यांना पुन्हा म्हणावंच लागतं, रीत आहे. आबांनी विचारलं, "कोनीबी ओरडलं तं चालतं?" अभिमन म्हणाला, तिकीट काढलेल्या कुणीही. आबांनी तिकीट खिशातून काढून एकदा पाहिलं.

दुसऱ्या अंकात माझी पाळी आली.  मी भाला आपटला आणि ललकारी दिली, "सावध व्हा, महाराज येती हो!" थेट समेवर. तबलजीनं पहिल्यांदाच छताऐवजी माझ्याकडे पाहिलं. महाराज आले, सिंहासनाकडे निघाले, आणि पिटातून आवाज आला, "वन्स मोअर!"

एकच आवाज. आबा उभे होते. हातात तिकीट उंच धरलेलं, कुणाला शंका नको म्हणून.

तंबू हशानं फुटायचा बाकी राहिला. महाराज मध्येच थबकले. आई आबांचं धोतर धरून खाली ओढत होती. मला वाटलं, धरणी फाटावी आणि मला पोटात घ्यावं. मी बुवांकडे पाहिलं. बुवांनी ऑर्गनवरून मान वाकवून पिटात नीट पाहिलं, त्या उभ्या माणसाला. मग महाराजांना हातानं खूण केली: आत जा. महाराज मुकाट्यानं मागे फिरले, विंगेत गेले. बुवा मला म्हणाले, "म्हणा. रीत आहे."

मी पुन्हा म्हटलं. महाराज पुन्हा आले. ह्या वेळी सगळ्या तंबूनं टाळ्या वाजवल्या, आणि आबा खाली बसले.

खेळानंतर ते मागे आले. मी अजून भालदाराच्या मिशा लावलेल्या. त्यांनी आधी मला ओळखलंच नाही, मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "चुकलं का माहं? बठ्ठे हसले."

"नाही आबा."

"एकच ओळ दिली त्यायनं तुले," आबा म्हणाले. "मले वाटलं, एकडाव म्हटली तं कोनी ऐकली नसन."

 मी मिशा काढायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. डिंक पक्का होता, मिशा निघेनात. आबा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. यावलला परतायची शेवटची गाडी गाठायची होती, तरी त्यांनी घाई केली नाही.